राहू दिलेली बांधी

बाबाजी वावरात पाय ठेवाच्या आधी चप्पल काढत. धुऱ्याच्या, म्हंजे बांधाच्या, अलीकडंच. मंग दोन्ही हात मांडीले लावून कंबरेतून वाकत, वावराले. देवाले हात जोडते तसं नाई, नुसते वाकत, अन् एवढा वेळ वाकून राहत का मले वाटे आता हे पडते, आता पडते, अन् पडले त मी काय करू, एकटी मी, पोट्टी कडेवर, अन् मानूस त वजनदार. रस्त्यानं जानारे हासत. "पाटील, काय हरवलं गा?" बाबाजी वाकल्या वाकल्याच म्हनत, "अक्कल. तुही. भेटली का पाठवून देतो."

सौंदडपासून आत आमचं गाव, अन् गावात सगळे त्याईले अमेरिकावाला बुढा म्हनत. तोंडावर पाटील म्हनत. मी बाबाजी म्हनो. त्याईचं वावर आमी बटईनं करत होतो, मी अन् माह्या पोरीचा बाप, अर्धं धान त्याईचं अन् अर्धं आमचं. वावर लहानच, धुरे घालून पाडलेल्या थोड्याशा बांध्या, पन इटियाडोह धरनाच्या पाटाचं पानी आलं का पयले त्याच्यात येते, मंग बाकीच्याईच्या, म्हनून सगळ्या गावाचा डोळा त्याच्यावर. मी लगन होऊन आली तवा मले सगळ्याचंच भेव. सापाचं भेव, पाटाच्या पान्याचं भेव, सासरच्या मानसाईचं भेव, अन् बाबाजीचं सगळ्यात जास्त, काऊन का ते लोकाईले बोलले का अंगावरचं कातडं निघे. आठवी शिकली मी, वाचता येते, लिवता येते, पन चार मानसाईत बोलाचं काम पडलं का घसा बंद.

बाबाजीची एकच पोरगी, ते अमेरिकेत. बाबाजीची बायको गेल्यावर पोरीनं त्याईले तिकडं नेलं होतं. काही साल राहिले अन् वापस आले. कायले आले इचारलं का म्हनत, "तिथं कोनी शिवी देत नाई. सगळे सॉरी म्हनते. मानूस मरून जाईन अशानं."

पन आले ते एक गोठ घेऊन आले, सांगाची गोष्ट, अन् ते गोठ त्याईनं मरेपर्यंत सोडली नाई. मागच्या उन्हाळ्यात गेले बाबाजी. आता ते गोठ मलेच येते, म्हनून सांगून राहिली.

त्याईच्या पोरीच्या घराले लागून म्हने एक स्ट्रॉबेरीचं वावर होतं, अन् त्या वावराची मालकीन एक बुढी, जपानी. म्हंजे जन्मली अमेरिकेतच, पन मायबाप जपानचे. बाबाजीले इंग्रजी येत नाई, बुढीले मराठी कुठून येईन. मधात पोरगी उभी राहे, इकडून मराठी घे, तिकडून इंग्रजी घे. पोरगी म्हने, "बाबा, मले ऑफिसचं काम आहे ना." बाबाजी म्हनत, "थांब, तिनं खताचं काय म्हटलं तेवढं सांग." असे ते दोघं कुंपनापाशी रोज सांजेले. वावराले वाकनं बाबाजी त्या बुढीपासूनच शिकले. तिचा बाप वाके म्हने.

त्या बुढीची माय फोटोवर लगन होऊन आली होती. जपानातून जहाजात बसून, हातात फोटो घेऊन. किनाऱ्यावर उतरली अन् पाहून राहिली, फोटोतला मानूस कुठं आहे. एक जन समोर आला त फोटोपेक्षा चांगला मोठा, डोक्यावरचे केस गेलेले. फोटो जुना पाठवला होता त्यानं. अशा किती तरी बाया त्या जहाजात, कोनी रडून राहिली, कोनी चुपचाप मागं चालून राहिली. हे ऐकून मले एवढं हासू आलं का मी पदर तोंडात घातला, काऊन का पोरीच्या बापाचा फोटो मले मोबाईलवर आला होता अन् त्याच्यात तो एवढा गोरा होता का माही माय म्हने, "हा त शेतकरीच दिसत नाई."

"हास, हास," बाबाजी म्हने. "ते माय पन हासली असन मंग. परत जाले पैसा नोयता ना."

बाबाजीची एक सवय अशी का ते दुनियेतली कोनती बी गोष्ट त्या जपानी लोकाईपाशी नेऊन लावत. वावरात धानाचे रोप दोरी लावून रोवाले लावत, एका ओळीत. बाया चिडत. बाया त कंबरेत वाकल्या का हात आपोआप चालते, दोरी कायले पायजे? एक म्हातारी रोवनारीन होती आमच्यात, ते म्हने, "पाटील, धानाले शाळेत पाठवता का, लाईन लावून?" बाबाजी म्हने, "अवो हे जपानी पद्धत. माह्या बापाच्या टायमाले सरकारनंच शिकवली होती इथं. साहेब आला, दोऱ्या वाटल्या."

"मंग काय झालं?"

"काय होते? लोकाईनं दोऱ्या बैलाले बांधाले नेल्या."

अन् टेंभराचं. ते त सांगावंच लागते. आमच्याकडं जंगलात टेंभरं, तेंदूचे फळं, किती, उन्हाळ्यात पोट्टे खात फिरते. बाबाजीनं अमेरिकेत त्या बुढीच्या घरी एक फळ खाल्लं, टमाटरवानी लाल, अन् खाल्ल्याबरोबर म्हने ते बसूनच गेले, काऊन का ते टेंभरूच होतं, निरं मोठं. ते बुढी त्या फळाचं साल काढून दोरीले बांधून ओसरीत टांगे, वाळले का खारकेवानी गोड. झालं मंग. इथं आल्यावर पयल्याच उन्हाळ्यात बाबाजीनं टोपलंभर टेंभरं बोलावले अन् मले म्हने, साल काढ. आता टेंभरात साल काढल्यावर उरते काय, बी अन् चिकट. मी त बोलू शकत नोयती, काढत बसली. बाबाजीनं एकेक टेंभरू सुताले बांधून पूर्ण ओसरीत टांगलं, लगनाच्या मांडवावानी. दोन दिवसात मुंग्या, मंग माशा, मंग माकडं आले ते छपराचे कवेलू फोडून गेले. बाबाजी खाली उभे राहून माकडाईले जपानच्या गोठी सांगून राहिले का असे खाऊ नका, वाळू द्या. मी घरामागं जाऊन हासली. पोटात दुखेपर्यंत हासली. त्या दिवशीपासून मले बाबाजीचं भेव जरासं कमी झालं.

मंग पोट्टी झाली, अन् रोवन्याच्या टायमाले प्रश्न आला का इले ठेवाचं कुठं. घरी कोनी नाई, सासू नाई. धुऱ्यावर ठेवलं त साप, इंचू, बाजूले पाट. एक हात रोवे अन् डोळे धुऱ्यावर. बाबाजीनं पाह्यलं. दुसऱ्या दिवशी सेबाची लाकडाची पेटी घेऊन आले कोहमाऱ्याच्या फळवाल्यापासून, खाली चार खुरं ठोकले, वरून मच्छरदानी. त्या बुढीची माय तिले अशीच पेटीत ठेवे म्हने, ओळीच्या टोकावर, अन् ओळ सरली का पेटी पुढं ओढे. बाबाजीनं पोट्टीले पेटीत ठेवलं अन् आपन समोर हात जोडून उभे. "मालकीनबाई, आज कोनती बांधी रोवाची? हुकूम द्या."

मी म्हटलं, "तिले कायले मालकीन म्हनता जी?" तवा त्याईनं ते सांगितलं. तिकडं कायदा झाला होता म्हने, का बाहेरून आलेल्या या लोकाईनं जमीन घ्यायची नाई. त्याईनं दलदल साफ केली, खारं रान पिकवलं, पन नावावर होत नाई. पन जे लेकरू तिथंच जन्मलं ते तिथलं. मंग कितीक जनाईनं लेकराच्या नावानं जमीन घेतली. "समजलं का?" बाबाजी म्हने. "मालक पेटीत झोपून अंगठा चोखून राहिला, अन् बाप त्याचा मजूर, उन्हात."

पोरीच्या बापाले हे ऐकून चांगलंच वाटलं. तो म्हने, "मंग आमची पोट्टी जमीनदार काय गा पाटील?"

"तू गप. तू मजूर."

बाबाजी जातीनं कोहळी. आमच्याकडं जे मोठे तलाव आहेत ते कोहळ्याईच्याच वाडवडलाईनं बांधले, हे लहान पोट्टं बी सांगते, पन बाबाजी ते असं सांगत का जसा काल त्याईनंच मातीची पाटी उचलली. त्या लोकाईच्या गोठीतला सगळ्यात वाईट भाग ते उभ्यानं सांगत. का मंग मोठी लढाई लागली जपानशी, अन् सरकारनं या सगळ्याईले म्हटलं, तुमी दुश्मन. जन्मले इथं तरी दुश्मन. हातात मावते तेवढं घ्या अन् निघा. स्ट्रॉबेरी पिकून लाल झालेली, तोडाची होती, तशीच सोडून निघाले. काही जनाईले पयले घोड्याईच्या तबेल्यात ठेवलं, मंग दूर वाळवंटात, तारेच्या कुंपनात, बुढे, बाया, लेकरं सगळे. ते बुढी तवा लहान पोरगी होती. अन् त्या वाळवंटात, कोनी सांगितलं नाई, कोनी मजुरी देनार नाई, तरी त्या लोकाईनं काय केलं? बाबाजी इथं थांबत. त्याईच्या नाकाचा शेंडा लाल होत जाय. "बोडी खोदली, लहानसा तलाव. कैदेत. दगड रचले, पानी आनलं, झाडं लावले. मी बुढीले म्हटलं, बाई, तुमी जपानी नाई. तुमी कोहळी आहा."

"मंग ते काय म्हने?"

"पोरीनं ते इंग्रजीत सांगितलंच नाई, बेशरमनं. लाजली."

आता मी ते सांगते जे माह्यासंगं झालं.

पोट्टी रांगाले लागली होती. पावसाळा, पऱ्हे, धानाचे रोप, तयार, चार दिवसात रोवना लावाचा, अन् पोट्टीले ताप आला. मंग छाती ओढाले लागली. दवाखान्यात डॉक्टरीन बाई म्हने, न्युमोनिया, गोंदियाले न्या, आत्ता. आमी अंगावरच्या कपड्यानं निघालो. पोरीचा बाप म्हने रोवना? मी म्हटलं, मरू दे रोवना. पन तिकडं पोट्टीच्या नाकाले नळी लागल्यावर, बसल्या बसल्या मलेच ते भेव चढाले लागलं, एकाच्या मागं एक. आमच्या गावात अशी रीत का ज्यानं रोवना सरवला, वावर त्या सालचं त्याचं. बटईचं वावर कोनाकडं राहनार ते कागदावर नाई, रोवन्यावर ठरते. पऱ्ह्याची शेवटची पेंडी जो रोवते त्याले मालक सगळ्याईसमोर इचारते, रोवना कोनाचा? तो म्हनते, माहा. मंग नारळ फोडते. झालं. अन् एकदा एका हातचं वावर दुसऱ्या हातात गेलं का परत येत नाई. ते वावर गेलं त आमाले काहीच नाई, मंग पोट्टीले घेऊन नागपूरले ईटाभट्टीवर, नाई त कुठं, मले माहीत नाई.

अन् भासरे तयारच होते. पोरीच्या बापाचा मोठा भाऊ. वाईट मानूस नाई, पन त्याईचं वावर पाटाच्या शेवटी, पानी पोहचतच नाई, अन् त्याईले बी तीन लेकरं. शेजारची काकू फोनवर म्हने, "तुहा भासरा मजूर घेऊन पाटलाच्या वावरात उतरला वो. पाटलानं हो म्हटलं."

"हो म्हटलं?"

"हो म्हटलं म्हनजे काय, दोरी बी देली."

मी बाबाजीले फोन लावला. मी कधी कोनाले फोन लावत नाई, पन लावला. म्हटलं, बाबाजी, वावर कोनाचं? तिकडून ते म्हने, पोट्टी कशी आहे. म्हटलं, नळी आहे, दूध पिऊन राहिली जरासं. वावर कोनाचं? त बाबाजीनं काय केलं असन? गोठ सांगाले लागले! म्हने, ते लोकं तारेच्या आत गेले तवा त्याईच्या वावराचं काय झालं तुले माहीत आहे का? बहुत जनाईचं गेलं. वापस आले त घरात दुसरेच राहून राहिले. पन त्या बुढीच्या बापाचा एक शेजारी होता, गोरा. त्यानं वावर केलं, पीक घेतलं, आपली मजुरी घेतली, अन् ते वापस आले त्या दिवशी वावर त्याईले देलं. मी म्हटलं, बाबाजी, मी दवाखान्यात उभी आहे. ते म्हने, "हो हो. म्हनून त सांगून राहिलो. पऱ्हे कोनाची वाट पाहत नाई. पोट्टीले सांभाळ." अन् ठेवून देला फोन. मी एवढी रडली का नर्स बाईले वाटलं पोट्टीचंच काही झालं, ते धावत आली.

मंग रोज काकूचा फोन. काकू म्हने, पूर्न वावर रोवून झालं, पन पाटाजवळची मोठी बांधी पाटलानं रोवू देली नाई. सगळ्यात चांगली बांधी! पानी भरून तशीच ठेवली. भासऱ्यानं इचारलं त म्हने, "हे राहू दे." कायले? "राहू दे म्हटलं ना." अन् बाबाजी छत्री अन् खुर्ची घेऊन धुऱ्यावर बसून राहिले. म्हशी हाकलते. रिकाम्या बांधीतलं गवत काढते. गुडघ्याइतक्या चिखलात, त्या वयात, धान नाई त्या बांधीचं निंदन करून राहिला बुढा! बाया म्हनत, आता पूरा बह्याड झाला. त्या म्हाताऱ्या रोवनारीनीनं दयेनं दोन पेंड्या रोवून टाकाव्या म्हटलं, त बाबाजी काठी घेऊन उठले, "हात लावला त पाय तोडीन."

मले काही समजून नाई राहिलं. मी त एवढंच समजली का बाकीचं गेलं, अन् एक बांधी बाबाजीच्या येडेपनात सडून राहिली.

पोट्टी बरी झाली. सुटी भेटली. कोहमाऱ्याले बसमधून उतरलो, तिथून ऑटो, अन् घरी न जाता पयले वावरावर, काऊन का मलेच राहवलं नाई. पोट्टी अंगाले चिपकलेली, हलकी झाली होती चिमनीवानी. पाहतो त पूर्न वावर हिरवं, ओळीच ओळी, अन् पाटाजवळ ते एक बांधी, निरं पानी, त्याच्यात ढग. बाबाजी खुर्चीवर. भासरे पन होते, दोन-तीन बाया होत्या, काकूनं सांगितलं असन आमी येऊन राहिलो म्हनून. भासऱ्याईच्या हातात नारळ होतं.

बाबाजीनं हात पुढं केला, पोट्टीले घेतलं, अन् आमाले म्हने, "पऱ्हे ठेवले आहे कोपऱ्यात. रोवा."

पऱ्हे त पिवळे, लांब लांब, गाठी आलेले, अशा पऱ्ह्याचं काय होते. पोरीचा बाप म्हने, "पाटील, याले आता काय लागनार आहे गा?" बाबाजी म्हने, "तुले पिकवाले सांगितलं का रोवाले सांगितलं?" आमी उतरलो. दोघंच. बाया येऊन राहिल्या होत्या मदतीले, बाबाजीनं त्याईले बसवलं. दोरी देली नाई त्या दिवशी. मी रोवत गेली, मागं मागं सरकत, रोवत गेली, अन् मधातच कुठं तरी, चिखलात हात असताना, माह्या डोक्यात आलं. रोवना सरलाच नोयता. एक बांधी बाकी होती म्हनजे रोवना बाकी होता. म्हनजे रोवना कोनाचा ते इचाराचंच बाकी होतं. भासरे नारळ घेऊन एवढे दिवस फिरले अन् बुढा खुर्ची घेऊन बसला.

शेवटची पेंडी माह्या हातात होती. रोवली. बाबाजी उभे राहिले.

"रोवना कोनाचा?"

पोरीच्या बापानं मोठ्या भावाकडं पाह्यलं, मान खाली घातली. तो त बोललाच नसता, बापावानी मानते तो त्याईले. बाबाजी म्हने, "तुले नाई इचारलं. शेवटची पेंडी कोनी रोवली? तिले इचारून राहिलो."

आता मी कशी बोलू. भासऱ्यासमोर आमच्यात डोक्यावरचा पदर सरकू देत नाई, त्याईच्या सावलीवरून जात नाई, लगन झाल्यापासून त्याईनं माहा आवाज ऐकला नोयता, एक शब्द नाई. ते समोर उभे. त्याईनं मजूर लावले, त्याईनं घाम गाळला, ते बी खरं. अन् माही पोट्टी बाबाजीच्या खांद्यावर, दवाखान्याची पट्टी अजून हाताले. पदर दातात धरला, पाठ फिरवली भासऱ्याकडं, अन् पाटाकडं पाहून म्हटलं, "आमचा."

"काय? मी बुढा आहे. ऐकू नाई आलं."

"आमचा!" मी म्हटलं. एवढ्या जोरात निघालं का मीच भेली. "रोवना आमचा! मजुरीचं धान मोठ्या भाऊजीले देऊ, आमच्या वाट्यातून देऊ, पूरं देऊ, पन वावर आमी करून राहिलो, आमीच करू!"

म्हातारी रोवनारीन तोंडावर हात ठेवून बसली. भासरे पाटाजवळच्या दगडापाशी गेले, अन् मले वाटलं आता नारळ पाटात फेकते. त्याईनं ते दगडावर आपटलं. एकाच दनक्यात फुटलं. मंग बाबाजीकडं पाहून म्हने, मले नाई, बाबाजीले, "पाटील, इले तोंड आहे गा. मले आजच माहीत झालं."

बाबाजी म्हने, "मले बी."

भासऱ्याईनं खोबऱ्याचा तुकडा काढला. माह्या हातात नाई देला, कसे देतीन, धुऱ्यावर ठेवला अन् मागं सरकले. मी उचलला, चिखलाच्या हातानंच, अन् तिथंच उभ्यानं खाल्ला.